लस न्युमोनियाची, लढत एका जंतूशी

लस घेतलेला माणूस वर्ष-दोन वर्षांनी न्युमोनिया होऊन दवाखान्यात भरती झाला की नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, "अहो, यांना न्युमोनियाची लस दिली होती ना तुम्ही? मग झालाच कसा?" प्रश्न रास्त आहे. लस टोचताना तिच्याबद्दल दोन वाक्ये कोणी नीट सांगत नाही, आणि मग लस 'फुकट गेली' असा समज गल्लीभर पसरतो. त्या समजापायी ज्यांनी खरोखर घ्यायला हवी तेही हात आखडता घेतात.

न्युमोनिया म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना सूज येऊन त्यांत पू आणि पाणी भरणे. हे अनेक कारणांनी होते. न्युमोकोकस, हिमोफिलस, क्लेबसिएला असे जीवाणू आहेत. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, गोवर, कोविड हे विषाणू आहेत. क्षयाचा जंतूही कधी न्युमोनियाचे सोंग घेऊन येतो. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या घशातून पेज चुकून श्वासनलिकेत गेली तरी न्युमोनिया होतो. या सगळ्या गर्दीतल्या एकाच जंतूवर, न्युमोकोकसवर, 'न्युमोनियाची लस' काम करते. त्यातही न्युमोकोकसचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत आणि लशीत असतात दहापासून तेवीसपर्यंत.

एवढ्याशा वाट्यासाठी सुई कशाला टोचून घ्यायची? कारण या गर्दीतला सर्वांत मोठा खुनी हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालील ७ लाख ४० हजारांहून अधिक मुले न्युमोनियाने दगावली, आणि मुलांमधल्या जीवाणूजन्य न्युमोनियाचे सर्वांत मोठे कारण न्युमोकोकस हेच आहे. तो फुप्फुसात थांबला तर बरे. रक्तात उतरला तर सगळे शरीर पोखरतो, मेंदूच्या आवरणात शिरला तर मेंदूज्वर होतो. त्यातून वाचलेल्या मुलाला बहिरेपण किंवा फिट्स आयुष्यभर सोबत करू शकतात.

गंमत अशी की हा खुनी बहुतेक वेळा निमूटपणे आपल्याच घरात राहत असतो. लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात, घशाच्या वर, न्युमोकोकसची वस्ती अगदी सर्रास आढळते. मूल खेळत असते, नाक जरा वाहत असते, इतकेच. त्याच्या शिंकेतून, खोकल्यातून जंतू आजोबांपर्यंत पोचतो. आजोबांना मधुमेह असेल, बिडीने फुप्फुसे आधीच जर्जर झालेली असतील, किंवा नुकताच फ्लू होऊन गेला असेल, तर तोच जंतू वेगळे रूप दाखवतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईपासून बोस्टनपर्यंत जी माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य फ्लूच्या विषाणूमागून फुप्फुसात शिरलेल्या जीवाणूंनी मेली असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्या जीवाणूंत न्युमोकोकस आघाडीवर होता.

हा जंतू प्रथम सापडला तोही लाळेतच. १८८१ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी रेबीजने मेलेल्या एका मुलाची लाळ सशांना टोचली. त्याच सुमारास अमेरिकी लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतःचीच लाळ टोचून पाहिली. दोघांचेही ससे मेले, आणि दोघांनाही सशांच्या रक्तात जोडीजोडीने राहणारे तेच गोलसर जंतू दिसले. स्टर्नबर्ग स्वतः ठणठणीत होते.

जंतूची सगळी करामत त्याच्या अंगावरच्या आवरणात आहे. हे आवरण साखरेच्या लांबलचक साखळ्यांचे असते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळायला धावतात, पण या आवरणामुळे त्यांना त्याची पकडच मिळत नाही. लंडनमधले जीवाणूतज्ज्ञ फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ साली याचा एक विलक्षण पुरावा प्रसिद्ध केला. पोषक थराच्या ताटलीत आवरण असलेले जंतू वाढवले की त्यांचे गुळगुळीत, चमकदार ठिपके उठतात. आवरण गमावलेल्यांचे ठिपके खरखरीत असतात. गुळगुळीत जंतू टोचले की उंदीर मरतो, खरखरीत टोचले तर त्याला काही होत नाही. ग्रिफिथ यांनी गुळगुळीत जंतू उष्णतेने मारून ते जिवंत खरखरीत जंतूंबरोबर टोचले. उंदीर मेला, आणि त्याच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जंतू सापडले! मेलेल्यांकडून जिवंतांनी आवरण बनवण्याची विद्या उचलली होती. ही विद्या कोणत्या रसायनात लिहिलेली असते, ते न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवून दिले. ते रसायन म्हणजे डीएनए. आनुवंशिकतेचे गूढ उकलण्याची एवढी मोठी पायरी न्युमोनियाच्या जंतूवर काम करताना चढली गेली. ग्रिफिथ मात्र ते पाहायला उरले नव्हते. १९४१ साली लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ते गेले होते.

लशीची खटपट याच्याही आधीची आहे आणि ती सुरू झाली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत. विटवॉटर्सरँडच्या खाणींवर दूरच्या उष्ण प्रदेशांतून मजूर आणले जात, बराकींत कोंबले जात, आणि पहिल्या काही महिन्यांतच न्युमोनियाने पटापट मरत. खाणमालकांना मजुरांचा तुटवडा परवडणारा नव्हता. त्यांनी इंग्लंडहून लसतज्ज्ञ आल्मरॉथ राइट यांना बोलावले. १९११ पासून राइट यांनी पन्नास हजारांहून अधिक मजुरांवर मारलेल्या जंतूंच्या लशीची चाचणी घेतली. त्यांनी निष्कर्ष उत्साहाने मांडले, पण आकडेमोडीवर पुढे बराच वाद झाला. न्युमोकोकसचे वेगवेगळे प्रकार असतात आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालत नाही, हे तेव्हा नीट ठाऊकच नव्हते. मजुरांना यात कोणी विचारले नव्हते, हेही नोंदवून ठेवायला हवे. १९१३ साली उष्ण प्रदेशांतल्या मजूरभरतीवर बंदी आली, ती मृत्यूंचे प्रमाण लपवता येईना म्हणून.

पुढे मारलेल्या जंतूऐवजी फक्त त्याच्या आवरणाची साखर टोचून बघण्याची कल्पना आली. दुसऱ्या महायुद्धात मॅक्लिऑड यांनी अमेरिकेत साउथ डकोटातल्या एका लष्करी तळावर चार प्रकारांच्या साखरेची लस सैनिकांना दिली, आणि ती उत्तम चालली. युद्धानंतर अशी लस बाजारातही आली. पण तोवर पेनिसिलिन हाताशी आले होते. इंजेक्शन दिले की रुग्ण उठून बसतो, मग आधी लस कोण घेणार? डॉक्टरांचा रस संपला आणि लस बाजारातून उठली.

अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ऑस्ट्रियन हे या गोष्टीतले मला सर्वांत आवडणारे पात्र. न्युमोकोकसचा निकाल लागला असे सगळे धरून चालले होते, तेव्हा हा गृहस्थ रुग्णालयातले कागद आणि नमुने चिवटपणे तपासत राहिला. रक्तात न्युमोकोकस उतरलेल्या रुग्णांपैकी जे पहिल्या पाच दिवसांत मरतात, त्यांना पेनिसिलिन वाचवू शकत नाही, हे त्यांनी १९६४ साली आकड्यांनिशी मांडले. औषध जंतू मारते, पण तोवर शरीराची झालेली नासाडी भरून काढत नाही. तेव्हा गाठायचे तर आजाराच्या आधीच गाठले पाहिजे. १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन यांनी लशीची चाचणी पुन्हा दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणमजुरांवरच घेतली. चौदा प्रकारांची लस १९७७ साली अमेरिकेत मंजूर झाली, तेवीस प्रकारांची १९८३ साली. १९७७ सालीच दक्षिण आफ्रिकेत पेनिसिलिनला दाद न देणारे न्युमोकोकस आढळले. ऑस्ट्रियन यांचे म्हणणे एवढ्या तातडीने खरे ठरेल, असे त्यांच्या टीकाकारांना वाटले नसेल.

या तेवीस प्रकारांच्या लशीत एक मोठी उणीव होती. ज्यांना सर्वाधिक धोका, त्या दोन वर्षांखालच्या बाळांना तिचा उपयोगच नव्हता. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती नुसती साखर ओळखत नाही, तिची आठवण तर मुळीच ठेवत नाही. साखरेला प्रथिनाची जोड दिली की मात्र शरीर तिची दखल घेते. आपण कडू औषध गुळातून देतो, इथे उलट प्रकार : साखर गळी उतरवायची तर तिला प्रथिनात बांधायचे. एव्हरी आणि त्यांचे सहकारी गोबेल यांनी हे प्रयोगशाळेत १९३० च्या आगेमागेच दाखवले होते. त्यातून बाळांसाठी लस व्हायला सत्तर वर्षे गेली. सात प्रकारांची अशी जोडलस अमेरिकेत २००० साली आली, तेरा प्रकारांची २०१० साली. जोडीला वापरलेले प्रथिन बहुधा घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी केलेले रूप असते. डॉक्टर 'पीसीव्ही' म्हणतात ती हीच.

अमेरिकेत बाळांना ही लस द्यायला लागल्यावर जे झाले ते फार बोलके आहे. लशीतल्या प्रकारांचे गंभीर आजार बाळांमध्ये जवळजवळ दिसेनासे झाले, हे अपेक्षितच होते. पण ज्यांना लस दिलीच नव्हती त्या आजी-आजोबांमध्येही तेच आजार घटले. नातवंडांच्या नाकातली वस्तीच उठली, मग आजोबांपर्यंत पोचणार कोण? जंतूही काही स्वस्थ बसला नाही. लशीतले सात प्रकार हटले तशी लशीबाहेरच्या '१९ए' या प्रकाराने जागा बळकावली. म्हणून पुढच्या लशींत तो घ्यावा लागला. प्रकारांची संख्या सात, तेरा, वीस अशी चढत गेली त्याचे कारण हे आहे; कंपन्यांचा धंदाही त्यात आहेच, पण ते एकच कारण नव्हे.

आपल्याकडे सरकारी लसीकरणात पीसीव्ही २०१७ च्या मे महिन्यात आली, आधी हिमाचल प्रदेशात आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या काही जिल्ह्यांत. मग राज्या-राज्यांत पसरत २०२१ साली ती देशभर सुरू झाली. तोवर खासगी बालरोगतज्ज्ञाकडे एकेका डोससाठी हजारांत पैसे मोजावे लागत. त्यामुळे चाळीतल्या बाळाला जंतू मिळे आणि सोसायटीतल्या बाळाला लस. हे चित्र पालटायला पुण्याचा मोठा हातभार लागला. सीरम इन्स्टिट्यूटने 'न्युमोसिल' ही दहा प्रकारांची लस गेट्स फाउंडेशन आणि 'पाथ' या संस्थेच्या मदतीने तयार केली. तिच्या बाळांवरच्या चाचण्या गांबियात झाल्या, २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली. आशिया-आफ्रिकेत जे प्रकार अधिक आढळतात ते हेरून हे दहा निवडले आहेत, '१९ए' त्यांत आहे. गरीब देशांसाठी तिची किंमत डोसाला सुमारे दोन डॉलर ठेवली गेली. कोविडच्या साथीत ही बातमी सीरमच्याच कोविशिल्ड लशीच्या गलबल्यात हरवली, याची मला अजून चुटपुट वाटते.

उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी जाऊन पाहिले तर पीसीव्हीची जागा कळते. दीड महिन्याच्या बाळाला पोलिओचे थेंब, रोटाची लस, दंडावर पोलिओचे छोटे इंजेक्शन, एका मांडीत पेंटा आणि दुसऱ्या मांडीत पीसीव्ही. एवढ्या सुया एका दिवशी बघून आयांचा जीव कासावीस होतो. 'एक आज द्या, एक पुढच्या महिन्यात' अशी विनवणी होते आणि सिस्टर ती ऐकत नाहीत, हे योग्यच आहे. बाळाच्या शरीराला एवढ्या लशी एकदम झेपतात. पुढे ढकललेली लस मात्र बऱ्याचदा राहूनच जाते. दुसरा डोस बाळ साडेतीन महिन्यांचे झाल्यावर आणि तिसरा, बूस्टर, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीसोबत. मांडी लाल होते, थोडी सुजते, अंग तापते, एक-दोन दिवसांत उतरते. सांगितल्या मात्रेत पॅरासिटॅमॉल पुरते. मांडीवर बाम, हळद, बर्फ काही चोळू नये.

मुलांचे कार्ड आपण निदान जपून ठेवतो. घरातल्या मोठ्यांच्या लशींचा कागद कोणाच्या घरी आहे? सरकारी मोहिमेत मोठ्यांसाठी ही लस नाही, त्यामुळे कोणी दारात विचारायला येत नाही. डॉक्टरांच्या संघटना पासष्टीच्या पुढच्या सर्वांना, आणि त्याआधीच्या वयातही मधुमेह, दमा किंवा धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसे, हृदय-मूत्रपिंड-यकृताचे जुने आजार, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्यांना ती सुचवतात. अमेरिकेत २०२४ पासून सरसकट पन्नाशीपासूनच शिफारस आहे. पांथरी काढून टाकलेल्या माणसाने तर टाळाटाळ करूच नये. आवरणवाले जंतू रक्तातून गाळून काढण्याचे काम पांथरी करते. ती नसली की न्युमोकोकस काही तासांत जिवावर उठू शकतो. सिकलसेलच्या रुग्णांची पांथरी लहानपणीच निकामी होत जाते. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार घराघरांत आहे. तिथे ही लस ऐच्छिक समजणे म्हणजे हलगर्जीपणा आहे.

मोठ्यांना या लशीतून किती मिळते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये पासष्टीच्या पुढच्या ८४ हजारांहून अधिक लोकांवर तेरा प्रकारांच्या लशीची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्युमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी घटला, आणि रक्तात वगैरे उतरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. मात्र सगळ्या कारणांचा न्युमोनिया एकत्र मोजला तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. नातेवाइकांच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर या तीन निष्कर्षांत आहे. न्युमोनिया होणारच नाही असे वचन ही लस देत नाही. त्यातल्या सर्वांत जीवघेण्या प्रकाराची शक्यता बरीच कमी करते. माझ्या मते एवढ्यासाठी ती घेण्याजोगी नक्कीच आहे. तिच्याबरोबर दरवर्षी फ्लूची लसही घ्यावी, कारण फ्लूच न्युमोकोकसला दार उघडून देतो. दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांवर घेता येतात.

कोणती घ्यायची, हा पुढचा घोळ. वीस प्रकारांची जोडलस मिळाली तर मोठ्यांना एकच डोस पुरतो. तेरा किंवा पंधरा प्रकारांची घेतली तर साधारण वर्षभराने तेवीसवाली घ्यायची; प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर डॉक्टर हे अंतर आठ आठवड्यांवर आणतात. क्रम असाच ठेवलेला बरा, आधी जोडलस आणि मग तेवीसवाली. कोणती लस कधी घेतली त्याची नोंद तारखेसह मागून घ्यावी, नाहीतर तीन वर्षांनी दुसरा डॉक्टर विचारतो आणि 'ती न्युमोनियाची घेतली होती' यापलीकडे सांगता येत नाही.

लस आली म्हणून न्युमोनिया ओळखायला श्वास मोजायचे सुटत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच माणसांना आणि सुइणींना न्युमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. निरक्षर सुइणींसाठी त्यांनी एक साधे साधन केले होते : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्युमोनिया. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार अशा उपचार झालेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, असे उपचार नसलेल्या शेजारच्या भागात १३.५ टक्के. लस, औषध, सलाईन यांच्या कितीतरी आधी माणसाची नजर हवी असते ती अशी.

ही नजर कोणत्याही आईबापाला कमावता येते. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातला झबला वर करून पोट उघडे करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध ओढत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर मोजत बसायचेही नाही. मोठ्यांमध्ये, विशेषतः सत्तरीच्या पुढे, ताप-खोकला नसतानाही न्युमोनिया असू शकतो. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, जेवण सोडले, धाप लागली, एवढेच दिसते.

आज घरी गेल्यावर बाळाचे कार्ड काढा आणि पीसीव्हीच्या तीन चौकटींत तीन तारखा आहेत का बघा. नऊ महिन्यांच्या चौकटीकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण गोवरची लस झाली की 'झाले सगळे' असे वाटून ती रिकामी राहते. आणि आई-वडिलांना पुढच्या खेपेला साखर किंवा रक्तदाब तपासायला न्याल, तेव्हा औषधांची चिठ्ठी हातात पडण्याआधी डॉक्टरांना विचारा, यांना न्युमोकोकसची लस कधी द्यायची?